वृद्धांचा व्यायाम : दमसास आणि बळ

व्यायाम हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें तरुण मनुष्यच उभा राहतो. तालमींत जोर-बैठका काढणारा पैलवान, मैदानावर धांवणारा विद्यार्थी, मल्लखांबावर चढलेला मुलगा, हींच व्यायामाचीं चित्रें आपल्या मनावर ठसलेलीं असतात. परंतु घरांतील ज्या मनुष्यास व्यायामाची गरज सर्वांहून अधिक, तो बहुधा खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेला असतो. आणि त्यानें तेथेंच बसून राहावें म्हणून घरांतील सर्व मंडळी मोठ्या मायेनें झटत असतात. “आजोबा, तुम्ही बसा, पाणी मी आणतों.” “आजी, तूं जिना चढूं नकोस, काय हवें तें सांग.” हीं वाक्यें चांगल्या संस्कारांचीं लक्षणें आहेत ह्यांत शंका नाहीं. पण ह्या मायेचा परिणाम कित्येकदां उलट होतो. तो कसा होतो, आणि त्यावर सोपा, स्वस्त व शास्त्राच्या कसोटीस उतरलेला उपाय कोणता, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इ. स. २०११ च्या खानेसुमारींत आपल्या देशांत ६० वर्षें व त्यांहून अधिक वयाचे लोक १० कोटींहून अधिक भरले. इतक्या आजीआजोबांपैकीं प्रत्येकास जी चिंता असते ती बहुधा मरणाची नसते. आपलें स्नान आपल्याला करतां यावें, शौचास स्वतः जातां यावें, दुसऱ्याचा हात धरल्यावांचून उठतां बसतां यावें, एवढेंच त्यांचें मागणें असतें. शास्त्रज्ञ ह्या शक्तीस शारीरिक कार्यक्षमता म्हणतात. ती दोन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असते. पहिली गोष्ट दमसास. फुप्फुसांनीं घेतलेला प्राणवायु हृदयानें रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोंचवावा, आणि स्नायूंनीं तो वापरून न थकतां बराच वेळ काम करीत राहावें, ही ती शक्ति. दुसरी गोष्ट बळ. स्नायूनें एका वेळीं जोर लावून ओझें उचलावें किंवा स्वतःच्या देहाचा भार वर न्यावा, ही ती दुसरी शक्ति. बाजारापर्यंत चालत जाण्यास दमसास लागतो. खुर्चीवरून उठण्यास बळ लागतें. आणि भाजीची पिशवी हातांत घेऊन जिना चढावयाचा झाल्यास दोन्ही एकदम लागतात.

तिशी उलटल्यावर मनुष्याचा दमसास साधारणपणें दर दहा वर्षांस सुमारें दहाव्या हिश्शानें घटत जातो. स्नायूंचीही झीज होते. त्यांतही जलद आकुंचन पावणारे तंतु, म्हणजे तोल जातांच चटकन् पाय टाकून सांवरण्यास जे उपयोगी पडतात ते, अधिक क्षीण होतात. ह्या झिजेस आयर्विन रोझेनबर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८९ सालीं ‘सार्कोपेनिया’ असें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाची उणीव असा आहे.

ही झीज चालू असतां मनुष्यास तिचा पत्ता फार उशिरां लागतो, ह्याचें कारण असें कीं, तरुणपणीं आपल्याजवळ बळाची मोठी शिल्लक असते. खुर्चीवरून उठण्यास तरुणाला मांडीच्या बळाचा थोडासाच अंश खर्चावा लागतो. म्हणून तें बळ पुष्कळ घटलें तरी त्याचें उठणें बसणें पूर्ववत् चालतें. परंतु वर्षानुवर्षें शिल्लक कमी होत जाऊन एक वेळ अशी येते कीं, नुसतें उठण्यासच जवळजवळ सर्व बळ लागूं लागतें. मग एखादा ताप येतो, आठ दिवस अंथरुणावर जातात, आणि कालपर्यंत स्वतः उठणारा मनुष्य आज दुसऱ्याच्या हाताची वाट पाहूं लागतो. लोक म्हणतात, “तापानें एकदम खंगले.” वास्तविक खंगणें वीस वर्षें चाललेलें असतें, तापानें फक्त शेवटची शिल्लक संपविलेली असते. आपल्याकडे जमिनीवर बसून जेवण्याची व जमिनीवर अंथरूण घालण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. जमिनीवरून उठण्यास खुर्चीवरून उठण्यापेक्षां अधिक बळ लागत असल्यामुळें ही अडचण तेथें अधिकच लौकर जाणवते.

विश्रांतीनें किती हानि होते ह्याचें मोजमाप झालेलें आहे. अमेरिकेंतील आर्कान्सा येथील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सरासरी ६७ वर्षें वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांस १० दिवस बिछान्यावर पडून राहावयास सांगितलें होतें. त्यांस कोणताही आजार नव्हता व अन्नही पुरेसें मिळत होतें. तरीही १० दिवसांच्या अखेरीस त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस नाहींसें झालें, आणि गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचें बळ शेंकडा १५ हून अधिक घटलें. आतां विचार करावा कीं, आपण प्रेमानें ज्यांस महिनोन्महिने बसवून ठेवतों, त्यांच्या पायांचें काय होत असेल?

ह्यावर उपाय व्यायाम हें उघडच आहे, पण कोणता? येथें पुष्कळांची समजूत अशी असते कीं, सकाळीं फेरी मारली म्हणजे झालें. फेरी मारणें उत्तमच आहे. झपझप चालणें, सायकल चालविणें, पोहणें ह्या दमसासाच्या व्यायामांनीं हृदय एका ठोक्यास अधिक रक्त फेंकूं लागतें, स्नायूंत रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्या वाढतात, आणि रक्तदाब व रक्तांतील साखर आटोक्यांत राहण्यास साहाय्य होतें. परंतु सपाट रस्त्यावर चालतांना मांडीच्या स्नायूंवर इतका थोडा भार पडतो कीं, त्यांचें बळ फारसें वाढत नाहीं. उलट, ओझ्याविरुद्ध जोर लावण्याच्या व्यायामानें स्नायु बळकट होतात, हाडांवर ताण पडून त्यांची झीज मंदावते. परंतु दमसास थोडाच वाढतो. शरीर जें काम करावयास सांगावें तेंच शिकतें. एका विषयाचा अभ्यास करून दुसऱ्या विषयाची परीक्षा देतां येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

तर मग दोन्ही करावे, असें कोणीही म्हणेल. पण शास्त्रज्ञांस येथें एक शंका होती. १९८० सालीं रॉबर्ट हिक्सन ह्यांनीं दाखवून दिलें होतें कीं, तरुण मनुष्यांनीं जड वजनांचा व दमसासाचा असे दोन्ही कडक व्यायाम एकाच काळांत केले असतां, बळ कांहीं आठवडे वाढतें आणि पुढें त्याची वाढ खुंटते. दोन्ही व्यायाम एकमेकांच्या आड येतात कीं काय, असा हा प्रश्न होता. तरुणांची जर ही स्थिति, तर वृद्धांचें काय? त्यांची थोडी शक्ति दोन कामांत वांटली जाऊन दोन्हींचा लाभ अर्धवट तर होणार नाहीं ना?

ह्या प्रश्नाचें चांगलें उत्तर अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांत, आल्बुकर्क येथें मिळालें. डेनिस व्हियारेआल व त्यांचे सहकारी ह्यांचा हा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ६५ वर्षें व त्यांहून अधिक वयाचे, स्थूल देहाचे आणि हालचालींत मंदावलेले १६० लोक निवडून त्यांचे ४०-४० चे चार वर्ग केले. पहिला वर्ग होता तसाच ठेवला. उरलेल्या तिन्ही वर्गांस वजन उतरविण्याकरितां बेताचा आहार दिला. आणि त्यांपैकीं एकास दमसासाचा, एकास बळाचा, व एकास दोन्ही मिळून असा व्यायाम आठवड्यांतून तीन दिवस, याप्रमाणें २६ आठवडे दिला. परीक्षाही मोठी सुबोध होती. अंगांत कोट घालून काढणें, जमिनीवर पडलेलें नाणें उचलणें, खुर्चीवरून उठणें, पुस्तक उचलून फळीवर ठेवणें, जिना चढणें, स्वतःभोवतीं एक गिरकी घेणें, अशा नित्याच्या कामांस ३६ पैकीं गुण द्यावयाचे होते.

निकाल असा लागला. केवळ दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांचे गुण शेंकडा १४ वाढले; केवळ बळाचा व्यायाम करणाऱ्यांचेही शेंकडा १४ च वाढले; परंतु दोन्ही करणाऱ्यांचे शेंकडा २१ वाढले. आणि शंकेचें काय झालें? दमसासाच्या वर्गाचा दमसास शेंकडा १८ वाढला होता, तर मिश्र वर्गाचा १७. बळाच्या वर्गाचें बळ शेंकडा १९ वाढलें होतें, तर मिश्र वर्गाचें १८. म्हणजे कोणताच लाभ अर्धवट झाला नाहीं. उलट केवळ दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांचें बळ शेंकडा ४ च वाढलें, आणि केवळ बळाचा व्यायाम करणाऱ्यांचा दमसास शेंकडा ८ च. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वजन उतरवितांना चरबीबरोबर मांस व हाडही झिजतें. ती झीज केवळ दमसासाच्या वर्गांत सर्वांत अधिक झाली, आणि ज्यांनीं बळाचा व्यायाम केला त्या दोन्ही वर्गांत कमी झाली. उपास व फेऱ्या एवढ्यांवरच भर देणाऱ्या मंडळींनीं ह्याचा विचार करावा.

कोणी म्हणेल, हे लोक जरा धडधाकट असतील. खरोखर जर्जर झालेल्यांस हें कसें साधावें? त्यास बोस्टन शहरांतील एका वृद्धाश्रमांतील प्रयोग उत्तर देतो. मारिया फियातारोने ह्यांनीं १९९४ सालीं तो प्रसिद्ध केला. तेथील १०० रहिवाशांचें सरासरी वय ८७ होतें. सर्वांत वडील मनुष्य ९८ वर्षांचा होता. त्यांपैकीं ज्यांस पायांच्या बळाचा व्यायाम १० आठवडे दिला, त्यांचें बळ दुपटीहून अधिक झालें, चालण्याचा वेग वाढला आणि जिना चढण्याची शक्ति शेंकडा २८ वाढली. केवळ पौष्टिक पेय देऊन असा कांहीं लाभ झाला नाहीं. तसेंच २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगांत ७० ते ८९ वर्षांचे १,६३५ लोक होते. अर्ध्यांस आरोग्यावर व्याख्यानें ऐकविलीं. अर्ध्यांकडून चालणें, पायांच्या बळाचे व्यायाम व तोल सांभाळण्याचे व्यायाम करविले. सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पाहिलें, तों ४०० मीटर चालण्यास जे असमर्थ झाले ते व्याख्यानाच्या वर्गांत शेंकडा ३५.५ आणि व्यायामाच्या वर्गांत शेंकडा ३०.१ होते. व्यायामानें वार्धक्य टळतें असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं. परंतु शंभरांत पांच मनुष्यें अधिक आपल्या पायांवर राहिलीं, ही गोष्ट त्या पांचांच्या घरांत लहान नव्हे.

आतां साधनाकडे वळूं. वर सांगितलेल्या प्रयोगांतून यंत्रें किंवा वजनें वापरलीं होतीं. तीं प्रत्येक घरीं कोठून असणार? येथें रबरी पट्टा उपयोगी पडतो. दुकानांत त्यास ‘रेझिस्टन्स बँड’ म्हणतात. तो साधारण हाताच्या पंजाएवढा रुंद असतो, घडी घातल्यास खिशांत मावतो, आणि त्याची किंमत लोखंडी वजनांच्या मानानें थोडी असते. रबराच्या झाडाच्या चिकापासून तो करितात. आपल्या देशांत असा चीक मुख्यतः केरळांत निघतो. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ठिसूळ होतें. परंतु १८३९ सालीं चार्लस् गुडइयर ह्यांस असें आढळलें कीं, गंधकाबरोबर तापविलें असतां तें टिकाऊ व लवचिक बनतें. त्या रबराचे लांबलांब अणुसमूह एकमेकांस जागोजाग सांधलेले असतात, म्हणून ओढल्यावर तें लांबतें आणि सोडल्यावर पूर्वस्थितीवर येतें.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस हुकचा नियम ठाऊक आहेच. रबर तो नियम तंतोतंत पाळीत नाहीं. तरी ताण जसजसा वाढतो तसतसा त्याचा विरोधही वाढतो, एवढें खरें. ह्यापासून दोन फायदे होतात. लोखंडी वजन नेहमीं खालींच ओढतें. पट्टा मात्र ज्या दिशेस ताणावा तिच्या उलट ओढतो. त्यामुळें खुर्चीवर बसलेल्या आजीस पाठीचा, छातीचा, दंडाचा व मांडीचा व्यायाम जागेवरून करतां येतो. दुसरें असें कीं, दमल्यावर वजन पायावर पडण्याची भीति असते, तशी येथें नाहीं. शिवाय पट्टा लांब धरल्यास काम सोपें होतें व आंखूड धरल्यास अवघड होतें. पट्ट्याचें बळ कमीअधिक असल्याचें रंगावरून ओळखतात. पुष्कळ कारखाने पिवळा, तांबडा, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम ठेवतात. परंतु सर्वांचा क्रम एकच नसल्यामुळें विकत घेतांना विचारून घ्यावें. असा पट्टा व जड वजनें ह्यांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांचा आढावा २०१९ सालीं घेण्यांत आला. त्यांत दोहोंपासून बळाची वाढ सारखीच होते असें दिसून आलें.

ह्यांची जोड कशी घालावी? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेला सल्ला असा कीं, ६५ वर्षांवरील मनुष्यांनीं आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा दमसासाचा व्यायाम, निदान दोन दिवस बळाचा व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यांतून पांच दिवस अर्धा अर्धा तास चालावें. एकदम अर्धा तास न झेंपल्यास दहा दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या कराव्या. तेंही न झेंपल्यास पांच मिनिटांपासून आरंभ करावा. वेग असा असावा कीं, चालतां चालतां बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये. पट्ट्याचा व्यायाम सोमवारीं व गुरुवारीं, असा मध्यें विसावा ठेवून करावा.

पट्ट्याचे पुढील प्रकार आरंभास पुरेसे आहेत. पहिला : मजबूत, न हलणाऱ्या खुर्चीवर ताठ बसून, पट्टा पायांतील बुटांच्या तळव्यांखालून घेऊन एक वेढा द्यावा, आणि दोन्ही टोकें धरून कोंपरें मागें ओढावीं. दुसरा : पट्टा पाठीवरून बगलांखालून पुढें आणून दोन्ही हात समोर लांबवावे. तिसरा : पट्ट्याचें एक टोंक खुर्चीच्या मागच्या पायास व दुसरें घोट्यास बांधून, बसल्या बसल्या गुडघा सरळ करावा. चौथा : गुडघ्यांच्या थोडें वर मांड्यांभोवतीं पट्टा बांधून गुडघे बाहेरच्या बाजूस फांकवावे. ह्यांस दोन प्रकार पट्ट्यावांचून जोडावे : हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून उठणें व बसणें, म्हणजे आपल्या बैठकेचीच सौम्य आवृत्ति, आणि भिंतीस हात टेकून टांचा उचलणें. प्रत्येक प्रकार १० ते १५ वेळां करावा. ओढतांना दोन अंक मोजावे, परत येतांना तीन-चार मोजावे. पट्टा झटक्यानें सोडूं नये. ओढतांना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर केल्यास रक्तदाब एकदम चढतो. शेवटच्या दोन-तीन खेपा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. पंधराही सहज होऊं लागल्या म्हणजे पट्टा आंखूड धरावा किंवा पुढचा रंग घ्यावा. हें वाढविणेंच महत्त्वाचें आहे. वर्षभर एकच सोपा पट्टा ओढीत बसल्यास बळ वाढावयाचें थांबतें.

सावधगिरीच्याही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. हृदयविकार, आटोक्यांत नसलेला रक्तदाब, नुकतेंच मोडलेलें हाड, किंवा वारंवार घेरी येणें असें कांहीं असल्यास आरंभींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करतांना छातींत दुखूं लागल्यास, असाधारण धाप लागल्यास अथवा डोळ्यांपुढें अंधारी आल्यास तात्काळ थांबून डॉक्टरांस कळवावें. आरंभीं स्नायु थोडे दुखतात, तें दोन-तीन दिवसांत जातें. पण सांध्यांत तीव्र कळ आल्यास तो प्रकार सोडावा. प्रत्येक वेळीं पट्टा उजेडांत धरून त्यास चीर किंवा भोंक नाहीं हें पाहावें, कारण ताणलेला पट्टा तुटून डोळ्यांस इजा होऊं शकते. तो उन्हांत ठेवूं नये. कित्येकांस रबराच्या चिकाचें वावडें असतें. अंगास खाज सुटल्यास चीक नसलेला पट्टा घ्यावा.

विद्यार्थ्यांनो, ह्यांत तुमचा वांटा कोणता, तो आतां सांगतों. वृद्ध माणसें पुष्कळदां व्यायाम सोडून देतात. कारण व्यायामास सोबती नसतो. तो सोबती तुम्ही व्हा. संध्याकाळीं आजोबांबरोबर चाला. त्यांच्या पावलाशीं पाऊल जुळवा. पट्टा ओढतांना अंक तुम्ही मोजा. एक वही करा. तींत पहिल्या दिवशीं एक नोंद करा : खुर्ची भिंतीस टेकून ठेवावी, आजीनें हातांची घडी छातीवर घालावी, आणि ३० सेकंदांत ती किती वेळां पुरी उठून बसली तें घड्याळ लावून मोजावें, तुम्ही शेजारीं उभे राहावें. ही चाचणी रिक्ली व जोन्स ह्या अमेरिकन विदुषींनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केली असून ती जगभर वापरली जाते. दर महिन्यास ती करून आंकडा लिहीत जा. सहा असलेला आंकडा आठ झाला, तर तुम्हांस गणितांत मिळालेल्या गुणांपेक्षां त्याचा आनंद घरांत कमी होणार नाहीं.

आणि पालकांनो, आपल्या वडिलांचीं कामें त्यांच्या हातून काढून घेतांना थोडें थांबावें. जें काम धोक्याचें आहे तें अवश्य आपण करावें. परंतु भांड्यांतून पाणी ओतून घेणें, धुतलेले कपडे वाळत घालणें, नातवास शाळेच्या फाटकापर्यंत पोंचविणें, हीं कामें त्यांचीं त्यांजकडे राहूं द्यावींत. ज्यांनीं आपल्याला चालावयास शिकविलें, त्यांचें चालणें शक्य तितके दिवस टिकावें म्हणून रोज अर्धा तास त्यांच्याबरोबर घालविणें, हीही त्यांची सेवाच आहे.